ड्रॅगन भरपूर, तरी डेक उडत का नाही: उर-ड्रॅगनच्या कमांडर डेकची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात धरमपेठेत दर रविवारी चौघं मिळून मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला कमांडर हा प्रकार खेळतात. विचारणाऱ्यानं 'द उर-ड्रॅगन' हे कार्ड कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या, म्हणून घेऊन पाच रंगांचा डेक लावला आहे. त्यात ३८ ड्रॅगन, ३३ लँड (मॅना, म्हणजे कार्डं खेळायचं चलन, देणारी कार्डं), ५ रॅम्प (मॅना लवकर वाढवणारी कार्डं) आणि उरलेल्या जागी जे आवडलं ते. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "हातात ड्रॅगन साचून राहिले, पण खेळता येऊन नाही राहिले. आणखी कोणते ड्रॅगन टाकू?"

एकही टाकू नका. उलट १४ काढा. तर्री कितीही झणझणीत असली तरी खाली पोहे नसतील तर प्लेट होत नाही, तसं तुमच्या डेकचं झालं आहे. ड्रॅगन डेक हा आधी मॅना गोळा करणारा डेक असतो आणि मग ड्रॅगनचा. तुमचा खरा प्रश्न कोणता ड्रॅगन घ्यायचा हा नसून पहिल्या चार टर्नमध्ये टेबलावर काय घडतं, हा आहे. आत्ता तिथे काहीच घडत नाही.

काही गोष्टी तुमच्या टेबलावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. समोरचे तिघं सहाव्या टर्नला डाव संपवत असतील तर खालचे आकडे आणखी घट्ट करावे लागतील. डाव निवांत दहा-बारा टर्न चालत असेल तर एखाद-दुसरा महागडा ड्रॅगन जास्त चालेल. खिशाचाही प्रश्न आहे. पाच रंगांचा डेक महाग पडतो तो ड्रॅगनमुळे नाही, लँडमुळे. खालचा हिशेब चौघांचं टेबल, मध्यम वेग आणि मध्यम खर्च धरून केला आहे.

लँडपासून सुरू करू. कमांडरमध्ये १०० कार्डांपैकी एक कमांडर बाहेर असतो, म्हणून गड्डी ९९ची. चौघांच्या डावात पहिला खेळाडूसुद्धा पहिल्या टर्नला कार्ड ओढतो. म्हणजे सुरुवातीची सात धरून तिसऱ्या टर्नपर्यंत प्रत्येकानं १० कार्डं पाहिलेली असतात. ३३ लँड ठेवल्या तर या १० कार्डांत तीनपेक्षा कमी लँड असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के येते. ३७ ठेवल्या तर ती २० टक्क्यांवर उतरते. हा हिशेब मुलिगन, म्हणजे सुरुवातीचा नको असलेला हात बदलून घेणं, न धरता केला आहे. पहिला मुलिगन फुकट असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे बरे दिसतील, पण त्यांच्यातलं अंतर राहतंच. नऊ मॅनाचा कमांडर घेऊन दर तिसऱ्या-चौथ्या डावाला दोन लँडवर अडकणं परवडत नाही. ३७ ठेवा. त्याखाली जाऊ नका.

आता रॅम्प. यात नुसती संख्या पाहून चालत नाही, किंमत पाहावी लागते. उर-ड्रॅगनची खुबी अशी की तो कमांड झोनमध्ये, म्हणजे गड्डीबाहेरच्या त्याच्या राखीव जागेत, बसलेला असतानाही तुमचे बाकीचे ड्रॅगन एका मॅनानं स्वस्त होतात. पाच मॅनाचा ड्रॅगन चारला पडतो. दुसऱ्या टर्नला दोन मॅनाचा रॅम्प खेळलात तर तिसऱ्या टर्नला हातात चार मॅना असतात, म्हणजे तिसऱ्या टर्नला पाच किमतीचा ड्रॅगन टेबलावर. तोच रॅम्प तीन मॅनाचा असेल तर तो तिसऱ्या टर्नला पडतो आणि ड्रॅगन चौथ्याला येतो. पण चार लँड टाकून तो चौथ्या टर्नला तसाही आलाच असता! पहिल्या ड्रॅगनच्या दृष्टीनं तीन मॅनाचा रॅम्प काहीच कमावत नाही, त्याचा उपयोग पुढच्या मोठ्या ड्रॅगनसाठी. म्हणून बारा रॅम्पपैकी नऊ तरी दोन मॅनाचे किंवा त्याहून स्वस्त हवेत.

माझी यादी: सोल रिंग, बर्ड्स ऑफ पॅराडाइज, आर्केन सिग्नेट, फेलवार स्टोन, फारसीक, नेचर्स लोअर, थ्री व्हिजिट्स, रॅम्पंट ग्रोथ, साकुरा-ट्राइब एल्डर. हे नऊ. त्यावर कल्टिव्हेट, कोडामाज रीच आणि स्कायश्राउड क्लेम. हे नऊ आणि दोन मॅनाचा ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट मिळून दहा स्वस्त सुरुवाती होतात. दुसऱ्या टर्नपर्यंत पाहिलेल्या ९ कार्डांत दहापैकी एक तरी असण्याची शक्यता ६३ टक्के. तुमच्यासारखे पाचच ठेवले तर ३९ टक्के. डेक "चालतो" आणि "चालत नाही" यातला फरक बहुतेक इथेच दडलेला असतो.

फारसीकबद्दल एक बारकावा. ती प्लेन्स, आयलंड, स्वॅम्प किंवा माउंटन शोधते, फॉरेस्ट शोधत नाही. पण शोधताना ती लँड बेसिक, म्हणजे एकाच रंगाची साधी, असण्याची अट नाही. म्हणून ती केट्रिया ट्रायोम आणू शकते, कारण त्या एका लँडवर फॉरेस्ट, आयलंड आणि माउंटन हे तिन्ही प्रकार लिहिलेले आहेत. नेचर्स लोअर आणि थ्री व्हिजिट्स फॉरेस्ट शोधतात, म्हणून त्याच ट्रायोमला त्यांचीही पोच आहे. पाच रंगांत रॅम्प नुसती एक लँड वाढवत नाही, नसलेला रंगही आणते. त्यामुळे ज्यांच्यावर फॉरेस्ट लिहिलं आहे अशा ट्रायोम आधी घ्या: केट्रिया, इंडाथा, झागोथ, झिआटोराज प्रूव्हिंग ग्राउंड, जेटमिर्स गार्डन, स्पाराज हेडक्वार्टर्स. सहाही नकोत. त्या थकलेल्या येतात, म्हणजे त्याच टर्नला वापरता येत नाहीत, आणि दुसऱ्या टर्नला थकलेली लँड पडली की रॅम्प हातातच राहतो. ट्रायोम चार घ्या, आणि अशा थकून येणाऱ्या लँड एकूण आठाच्या वर जाऊ देऊ नका. पाथ ऑफ अँसेस्ट्री त्यातच मोजायची.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. अनक्लेम्ड टेरिटरी, सिक्लुडेड कोर्टयार्ड आणि हेवन ऑफ द स्पिरिट ड्रॅगन या लँड कागदावर पाचही रंग देतात, म्हणून नवा माणूस त्या सगळ्या भरतो. पण तो रंगीत मॅना ठरलेल्या जातीच्या प्राण्यांसाठी असतो. त्यातून फारसीक खेळता येत नाही. सुरुवातीच्या हातात अशा दोन लँड आल्या की रॅम्प समोर दिसतो, रंग समोर दिसतो, आणि तरी काही करता येत नाही. या तिन्ही ठेवा, पण हिरव्याचा हिशेब करताना त्या मोजू नका. बहुतेक रॅम्प हिरवा आहे, म्हणून त्यांना सोडून हिरवा देणाऱ्या लँड किमान १६ असाव्यात. कमांड टॉवर आणि एक्झॉटिक ऑर्चर्ड स्वस्त आहेत आणि त्या घ्यायलाच हव्यात. दुसरा नंबर लालचा, कारण चांगल्या ड्रॅगनपैकी निम्म्यांच्या किमतीत दोन लाल असतात. निळा, काळा, पांढरा यांना प्रत्येकी आठ-नऊ स्रोत पुरतात.

किंमत कमी करणारी कार्डं चार: ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट एकनं, ड्रॅगनस्पीकर शमन दोननं, हेराल्ड्स हॉर्न एकनं, उर्झाज इनक्युबेटर दोननं. या रॅम्पपेक्षा चांगल्या वाटतात आणि जमल्या तर असतातही. युटव्हारा हेलकाइट आठ मॅनाचा आहे. उर-ड्रॅगनमुळे सात, शमनमुळे पाच, सर्व्हंटमुळे चार. एकाच टर्नला दोन ड्रॅगन टाकायचे असतील तर रस्ता हाच. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. सूट फक्त रंग नसलेल्या आकड्यावर मिळते. स्कर्ज ऑफ वाल्कसची किंमत दोन अधिक तीन लाल आहे. कितीही सूट साचली तरी तीन लाल द्यावेच लागतात, आणि पाच रंगांच्या डेकमध्ये ते नेहमी सोपं नसतं. दुसरं, सर्व्हंट आणि शमन हे प्राणी आहेत. कोणीही बोर्ड वाइप केला, म्हणजे टेबलावरचे प्राणी एकदम साफ केले, की सूटही गेली. चारावर पाचवं असं कार्ड घेऊ नका, त्या जागी लँड टाका. जाता जाता, इनक्युबेटरची सूट टेबलावरच्या सगळ्यांना लागू होते. समोर दुसरा ड्रॅगनवाला बसला असेल तर त्याच्या डोळ्यांतली चमक पाहून घ्या.

उर-ड्रॅगनची स्वतःची सूट मात्र त्याला स्वतःला मिळत नाही. कार्डावर "इतर ड्रॅगन" असं लिहिलं आहे. शमनची मिळते, म्हणजे नऊचे सात. तरीही या डेकमध्ये कमांडर दर डावात टेबलावर यायलाच हवा असं धरू नका. तो बाहेर बसून सूट देतो, तेवढ्यानं त्याचं निम्मं काम होतं. दहाव्या टर्नला आलाच तर डाव संपवायला येतो.

आता ड्रॅगन किती? २४. पाचव्या टर्नपर्यंत १२ कार्डं दिसतात. २४ ड्रॅगन असतील तर त्यांत सरासरी तीन येतात आणि तेवढे टाकून होईपर्यंत पुढचे येत राहतात. ३८ ठेवले तर साडेचार येतात आणि त्यातला एकच परवडतो. बाकीचे "हातात साचून राहिले". छापील किमतीनुसार वाटणी साधारण अशी ठेवा: चार किंवा त्याखालचे ४, पाचचे ८, सहाचे ७, सात आणि वरचे ५.

चारच्या खाली ड्रॅगन कुठले, असं वाटेल. थंडरब्रेक रीजंट चार मॅनाचा, म्हणजे तुम्हाला तीनला, आणि तुमच्या ड्रॅगनवर कोणी नेम धरला तर नेम धरणाऱ्याला ३ नुकसान. त्याहून चलाख निवड म्हणजे चेंजलिंग. चेंजलिंग सगळ्या जातींचा असतो, म्हणजे ड्रॅगनही असतो आणि उर-ड्रॅगनची सूट त्यालाही लागते. रिअल्मवॉकर छापील तीनचा, तुम्हाला दोनला पडतो, आणि जात "ड्रॅगन" निवडली की गड्डीच्या वरचा ड्रॅगन थेट तिथून खेळता येतो. ड्रॅगनच्या डेकमध्ये बिनपंखांचा माणूस कशाला, म्हणून लोक त्याला वगळतात. मी वगळत नाही.

पाचच्या घरात गोल्डस्पॅन ड्रॅगन, टेरर ऑफ द पीक्स, ग्लोरीब्रिंगर. यातले गोल्डस्पॅन आणि ग्लोरीब्रिंगर आल्या आल्या हल्ला करतात, म्हणून ते आधी. वरच्या घरात ओल्ड नॉबोन आणि युटव्हारा हेलकाइट पुरेसे मारक आहेत. मोठ्या ड्रॅगनची हाव या खेळात जुनी आहे. कमांडरचं मूळ नावच एल्डर ड्रॅगन हायलँडर होतं, १९९४च्या लेजेंड्स संचातल्या पाच एल्डर ड्रॅगनवरून. ते प्रत्येकी आठ मॅनाचे, आणि दर टर्नला त्यांच्यासाठी पुन्हा तीन मॅना भरावे लागायचे, नाहीतर ते गेलेच. आजचे ड्रॅगन कितीतरी दिलदार आहेत, पण आठ मॅना तेव्हाही आठच होते आणि आजही आठच आहेत.

आता ज्या दोन गोष्टींना तुमच्या डेकमध्ये बहुधा जागाच नाही त्यांच्याकडे वळू: घाई आणि कार्ड ओढणं.

घाई म्हणजे आलेल्याच टर्नला हल्ला करता येणं. तुम्ही सहा मॅनाचा ड्रॅगन टाकून टर्न सोडता, मधे तीन जणांची टर्न जाते, आणि त्यातल्या एकाकडे उत्तर असतंच. ड्रॅगन एकदाही न उडता मरतो. ड्रॅगन टेम्पेस्ट दोन मॅनाचं आहे, उडणाऱ्या प्रत्येक प्राण्याला घाई देतं, आणि वर ड्रॅगन आला की तुमच्याकडे जितके ड्रॅगन तितकं नुकसान कुठेही करतं. युटव्हारासोबत त्याचा हिशेब बघा. युटव्हारा धरून तीन ड्रॅगनांनी हल्ला केला तर तीन टोकन ड्रॅगन (गड्डीतले नव्हे, दुसऱ्या कार्डानं तयार केलेले) येतात, पण एकेक करून. पहिलं आलं तेव्हा एकूण चार ड्रॅगन, म्हणून ४ नुकसान. मग ५, मग ६. हल्ल्याचं नुकसान वेगळं, हे १५ त्याच्या वर. टेम्पेस्टशिवाय आणखी दोन घ्या: टेमुर असेंडन्सी आणि रिदम ऑफ द वाइल्ड. तीन पुरतात. रिदमची घाई टोकनना मिळत नाही, हे विसरू नका.

कार्ड ओढायला सात जागा. पहिली निवड अप द बीनस्टॉक, दोन मॅना. ते आलं की एक कार्ड, आणि पाच किंवा जास्त किमतीचं काहीही खेळलं की एक कार्ड. इथे छापील किंमत मोजली जाते. सूट मिळून तुम्ही तीनच मॅना दिलेत तरी पाचचा ड्रॅगन पाचचाच राहतो आणि कार्ड मिळतं. सूटवाल्या डेकसाठी याहून स्वस्त सोय मला माहीत नाही. त्यानंतर गॅरुक्स अपरायझिंग, गार्डियन प्रोजेक्ट आणि वर सांगितलेली टेमुर असेंडन्सी. ती घाईच्या हिशेबात आधीच आली आहे, तेव्हा दोनदा मोजू नका. किंड्रेड डिस्कव्हरी जबरदस्त आहे, पण पाच मॅना देऊन त्या टर्नला टेबलावर काही उभं राहत नाही. एकच अशी महाग चीज ठेवा.

उरलेल्या जागा: काढून टाकणारी कार्डं ८, त्यात दोन बोर्ड वाइप, बचावाची ३, आणि सार्कन्स ट्रायम्फ, जी तीन मॅनाला हवा तो ड्रॅगन शोधून देते. वाइपमध्ये क्रक्स ऑफ फेट हवंच. पाच मॅनाला ते ड्रॅगन नसलेले सगळे प्राणी मारतं आणि तुमचे तसेच राहतात. तुमचे सर्व्हंट आणि शमन मात्र त्यात जातील. रिअल्मवॉकर वाचतो, कारण तोही ड्रॅगन!

एकदा बेरीज करू: ३७ लँड, १२ रॅम्प, ४ सूट, २४ ड्रॅगन, ३ घाई, ७ कार्ड ओढणारी, ८ काढणारी, ३ बचाव, १ शोध. झाले ९९.

समोरच्यानं बोर्ड वाइप केला तर काय, हे डेक लावताना नाही तर खेळताना ठरतं. दोन ड्रॅगन टेबलावर असतील आणि ते मार द्यायला पुरेसे असतील, तर तिसरा हातात ठेवा. सगळे एकदम उतरवायचे ते फक्त त्याच टर्नला कोणी मरणार असेल तेव्हा. हिरोइक इंटरव्हेन्शन दोन मॅनाला ड्रॅगनांना मरणापासून वाचवतं, पण सायक्लॉनिक रिफ्ट या निळ्या कार्डासमोर त्याचा उपयोग नाही, कारण तिथे मरण नाहीच. सगळे हातात परत जातात आणि टोकन कायमचे गायब होतात. टोकनच्या भरवशावर असाल तर निळा रंग खेळणाऱ्याचे सात मॅना मोकळे आहेत का, हे आधी पाहायचं.

हे सगळं वाचून पाच रंग जड वाटत असतील तर कमांडर बदलणं हाही प्रामाणिक उपाय आहे. मीरिम, सेंटिनेल वर्म हिरवा-निळा-लाल आहे, सहा मॅना, आणि तिच्यासोबत टोकन नसलेला जो ड्रॅगन येतो त्याची एक नक्कल फुकट मिळते. तीनच रंग असल्यानं लँडचा खर्च बराच कमी होतो. २०२५ मध्ये तार्किर: ड्रॅगनस्टॉर्म या संचासोबत आलेला टेमुर रोअर हा तयार डेक याच तीन रंगांचा आहे, तो घेऊन मीरिम वेगळी मिळवली तर पाया तयार होतो. त्याहून स्वस्त म्हणजे लॅथलिस, ड्रॅगन क्वीन. नुसता लाल, लँड म्हणजे बहुतेक माउंटन, आणि टोकन नसलेल्या प्रत्येक नव्या ड्रॅगनमागे एक ५/५ (ताकद पाच, दम पाच) टोकन. तिथे हिरवा रॅम्प मिळत नाही, त्यामुळे बारापैकी बहुतेक जागा सोल रिंगसारख्या मॅना देणाऱ्या वस्तूंनी भराव्या लागतात. आणखी एक फायदा: उर-ड्रॅगन टेबलावर ठेवला की तिघंही आधी तुमच्यावर धावतात. लॅथलिसला तेवढा मान मिळत नाही.

महागडी लँड विकत घेण्याआधी कागदी प्रॉक्सी, म्हणजे कार्डांच्या छापलेल्या नकला, लावून पाहा. टेबलाची संमती घ्या. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही. कार्ड ६३ बाय ८८ मिमी असतं, म्हणून ए-फोरवर बरोबर नऊ बसतात. प्रिंटवाल्याला १०० टक्के आकारावरच छाप म्हणून सांगा. "पानाला बसव" केलं की कार्डं दोन-तीन मिमीनं चुकतात आणि गड्डीत हाताला लागतात. साधा कागद कापून जुन्या बेसिक लँडच्या पुढ्यात एकाच स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या खोळीत) घाला.

स्लीव्हची १०० ची पाकिटं एकाच रंगाची दोन घ्या. डेकला नेमक्या १०० लागतात, त्यामुळे एक फाटली की सगळ्या बदलाव्या लागतात. आणि फॉइल, म्हणजे चकचकीत, कार्डं शक्यतो टाळा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५च्या पुढे कोरडी आग आणि घरात कूलरची ओल, या दोन्हीत ये-जा करून फॉइल वाकतं. वाकलेलं कार्ड गड्डीत न पाहता ओळखू येतं, म्हणजे नकळत खुणेचं कार्ड झालं. फॉइलच हवं असेल तर कूलरसमोरची जागा सोडून बसा, डबीत सिलिकाची पुडी ठेवा, आणि डेक दुपारी गाडीच्या डिकीत विसरू नका.

नवा डेक लावला की रविवारची वाट पाहू नका. एकट्यानं बसून वीस वेळा सात कार्डं ओढा आणि प्रत्येक वेळी चार टर्न खेळून पाहा, समोर कोणी नाही असं धरून. एका वहीत फक्त एवढंच लिहा: पहिला ड्रॅगन कितव्या टर्नला पडला. वीसपैकी बारा वेळा चौथ्या टर्नपर्यंत पडला तर ड्रॅगन बदलून पाहायला हरकत नाही. त्याहून कमी वेळा पडला, तर सातच्या वरचा एक ड्रॅगन काढा, त्या जागी दोन मॅनाचा रॅम्प टाका आणि पुन्हा वीस हात ओढा.